कान्हेरीच्या ओसरीत निसर्गनिवासाचा धडा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, मुख्य प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी येथे खोदली गेली. आपल्यापैकी बहुतेकजण चैत्यगृहापाशी भव्य बुद्धमूर्तींना वंदन करून परततात. या खेपेस आम्ही निराळ्या कामासाठी गेलो होतो.

आमच्या वसाहतीतील एक मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जंगलाच्या कडेला दहा माणसांसाठी लहानसे निसर्गनिवास आखा, असे काम कॉलेजने दिले होते. वर्गातील इतरांच्या आराखड्यांत तरणतलाव होते, काचेच्या भिंती होत्या. ही मुलगी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत वाढली. "काका, असल्या ठिकाणी मी कधी राहिलेच नाही, मग काढू काय?" हा तिचा प्रश्न. आम्ही चार कार्यकर्ते तिला घेऊन रविवारी कान्हेरीस गेलो.

तिने टेप काढली व एक विहार मोजायला घेतला. कातळातल्या पायऱ्या, मग ओसरी, बसायला कोरलेला बाक, आत लहान खोली व निजायला ओटा. बाहेर ऊन रणरणत होते, ओसरीत मात्र गारवा. उतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी पोढीत, म्हणजे कातळातील टाक्यात उतरते. तोंड लहान, पोट मोठे; त्यामुळे ऊन कमी लागते व पाणी टिकते. चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढण्याची ही सोय बहुतेक विहारांजवळ आहे.

आम्ही हिशेब ठेवणारी माणसे. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. पंपाचे, वातानुकूलनाचे बिल दरमहा येते आणि शेवटी भाड्यात चढते. मग गरीब माणूस दाराबाहेरच राहतो.

येथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नोंद आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली, तिथल्याच एका लोहाराने वाट करून दिली. म्हणजे शांततेची ही जागा कारागिरांच्या कमाईतूनही उभी राहिली आहे.

मुलीने आराखडा नव्याने काढला. खोल्या लहान, ओसरी रुंद, झाडे राखून उतारावर पायऱ्या, छपराचे पाणी टाक्यात. राहणारे कोण, या रकान्यात तिने लिहिले : सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया व त्यांची मुले. परीक्षकांनी विचारले, "यांना निसर्गनिवास कशाला?" ती म्हणाली, "सर, ज्यांच्या घरात शांत कोपरा नाही, त्यांनाच तो आधी हवा."

वाचकहो, आपल्या मुलामुलींना कान्हेरीला जरूर न्या. उद्यान सोमवारी बंद असते. भाकरी बांधून घ्या, वही-पेन्सिल द्या, आणि वंदनेनंतर तासभर एखाद्या ओसरीत त्यांना बसू द्या. भिंतीवर कोणी नाव कोरू लागला तर त्याला तिथल्या तिथे अडवा.