एका पैशाचं देणं

साताऱ्याच्या मोती चौकाजवळ आमच्या मरहूम दादांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मला पुठ्ठ्याच्या चकत्यांची पुडी सापडली. प्रत्येकीवर दुकानाचा शिक्का आणि शाईने ‘१ पैसा’. सोबतच्या वहीत नोंद होती : ‘१०० काढल्या, ९३ आल्या.’

अब्बांनी हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात बाजारातून मोडच गायब झाली. धातू युद्धाला लागत होता आणि लोक नाणी घरात दडवत होते. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं सरकारने १९४० मध्येच गुन्हा ठरवलं, तरी टंचाई हटेना. १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला. वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी. रुपयाचे चौसष्ट पैसे, पण परत द्यायला एकही नाही! कुणी दुकानदार पोस्टाची तिकिटं देई, कुणी अशा चकत्या. काठेवाडात तर जुनागढ, मोरवीसारख्या संस्थानांनीच पुठ्ठ्याची कूपनं काढली होती.

दादांच्या शिक्क्याची एक चकती सांगलीच्या एका संग्राहकाकडे असल्याचं कळलं, तेव्हा एसटी पकडली. कराड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. त्या काळी सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचंच नाव १९६० मध्ये सांगली. साताऱ्याची माणसं हळदीच्या व्यापारासाठी इकडे येत. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी खिशातून चकती आली असावी.

गणपती पेठेमागच्या त्या घरात शिवराई नाणी होती, दोऱ्यात ओवलेले भोकाचे पैसे होते. संग्राहक म्हणाले, “परत आलेल्या चकत्या दुकानदार बहुधा फाडून टाकत. म्हणून बाजारात जी सापडते, ती बहुतेक न वटलेली.”

म्हणजे माझ्या हातात छंदाची वस्तू नव्हती, दादांचं देणं होतं. दादांच्या इंतकालानंतरही कुणी चकती घेऊन आलं, तर दादी त्याला मीठ-मिरची देत असे. “आधी मयताचं कर्ज, मग वारसांची वाटणी,” ती म्हणायची.

त्यांनी तीनशे रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही.

रात्री अब्बांनी चष्मा लावून वहीत ९३ खोडलं आणि ९४ लिहिलं. अजून सहा बाकी आहेत. तुमच्या माळ्यावर जुना पुठ्ठा दिसला, तर रद्दीत टाकण्याआधी उलटून जरूर पाहा.