न वाचता दिलेला नकार

लेझरने दुखणी बरी करतो म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच शब्द होता : भोंदू. मी शाळेत विज्ञान शिकवलं, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तरुणपणापासून राहिलो. चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी यांच्याच रांगेत मी लेझरलाही बसवलं होतं. गुडघेदुखी, टक्कल, लठ्ठपणा, सगळ्यांवर एकच लाल प्रकाश! अशा जाहिराती पाहिल्यावर आणखी तपासायचं काय, असं वाटायचं.

म्हणून दादाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं आणि रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी सुचवलं, "पहिल्या दिवसापासून तोंडात लेझर देऊ, व्रण कमी येतील," तेव्हा दादाच्या वतीने मीच नाही म्हणालो. घरात विज्ञान शिकलेला मी. दादा-वहिनींनी माझा शब्द प्रमाण मानला. त्या विश्वासाचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज त्याचीच लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात दादाच्या गालाची आतली बाजू सोलून निघाली. पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. आधी भात सुटला, मग पेजही, शेवटी नाकातून नळी घालावी लागली. जन्मभर मोठ्याने बोलणारा माणूस पाटीवर लिहून मागू लागला.

डॉक्टरांनी पुन्हा विषय काढला. मी माझी कारणं सांगू लागलो. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "सर, यावरचं तुम्ही नेमकं काय वाचलंय?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आठवू लागलो, आणि आठवायला काहीच नव्हतं. एक लेख नाही, एक पान नाही. माझ्याजवळ फक्त जाहिरातींचा तिटकारा होता आणि मी त्यालाच चिकित्सा समजत होतो.

त्या रात्री वाचायला बसलो. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर हे डॉक्टर लेझरने कॅन्सर होतो का, हे उंदरांवर पाहत होते. कॅन्सर झाला नाही, उलट भादरलेले केस लवकर उगवले. हा प्रकाश इतका सौम्य असतो की तो भाजत नाही. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारं एक विकर तो शोषून घेतं, असं मानतात. पण मी थबकलो ते मणिपाल विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासापाशी. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे दोनशेहून अधिक रुग्ण. काहींना खरा लेझर, काहींना नुसता दिल्याचा देखावा, आणि आपल्या वाट्याला काय आलं हे रुग्णाला ठाऊक नाही. खरा लेझर मिळालेल्यांमध्ये तीव्र व्रण कमी, वेदना कमी, वेदनाशामकंही कमी. २०१८ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही तोंडाच्या व्रणांसाठी हा उपचार मान्य केलेला. तुलनेसाठी दुसरा गट का हवा, हे मी कित्येक वर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं. मला हवा होता तसाच पुरावा होता, आणि मी तो मागितलाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी लेझर सुरू केला. दादाच्या वेदना हळूहळू उतरल्या. त्या लेझरनेच उतरल्या, असं मी म्हणणार नाही. रेडिएशन संपल्यावर व्रण आपणहूनही भरतात, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. मला छळतं ते वेगळंच. हा उपचार व्रण येण्याआधीपासून द्यावा अशी शिफारस आहे, आणि नेमके तेच आठवडे मी दादाकडून काढून घेतले.

सगळ्या रोगांवर लेझर विकणाऱ्यांना माझा विरोध आजही आहे. त्याने कॅन्सर बरा होत नाही. गाठ असेल तिथे प्रकाश पडू नये, याची तर डॉक्टर काळजी घेतात. पण आता मी विरोध करतो तो एकेक दावा तपासून.

दादाजवळ हे सगळं बोललो. तो "जाऊ दे" म्हणाला. मला ते जाऊ देता येत नाही. ओळखीत कुणाचं रेडिएशन ठरल्याचा फोन आला की मी आधी विचारतो, व्रणांसाठीच्या लेझरबद्दल डॉक्टरांना विचारलंत का, आणि पहिलं रेडिएशन कधी आहे?