वायनाडचं धुकं आणि तिरुनेल्लीचं पाणी

वायनाडचे फोटो पाठव म्हणून सगळे मागे लागले आहेत. फोटो पुष्कळ काढले हो, पण निम्म्यांत नुसतं पांढरं दिसतंय. कॅमेरा बिघडलेला नाही, ते वायनाडच आहे! तेव्हा आता लिहूनच टाकते.

यंदाच्या जानेवारीत आई आणि मी, दोघीच, पनवेलहून नेत्रावतीने निघालो. "दोघीच? एवढ्या लांब?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारून झाला होता. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून आई दादर-ठाण्यापलीकडे कुठे गेलीच नव्हती. तिला धुकं आवडतं. बस, एवढंच कारण.

कोझिकोडला उतरून टॅक्सी केली. घाटाच्या पायथ्याच्या गावाचं नावच अडिवारम, म्हणजे पायथा! तिथून नऊ मोठी वळणं, प्रत्येकाला नंबर. आई मोजत होती. सहाव्यानंतर धुकं एवढं दाटलं की तिने मोजणं सोडून माझा हात धरला.

वर लक्किडीला एक झाड आहे, त्याला जाडजूड लोखंडी साखळी बांधलेली. गोष्ट अशी सांगतात की करिंतंडन नावाच्या आदिवासी तरुणाने इंग्रज इंजिनिअरला ही वाट दाखवली, आणि श्रेय त्याला जाऊ नये म्हणून त्या साहेबाने त्यालाच मारून टाकलं. मग त्याचा आत्मा वाटसरूंना छळू लागला, म्हणून एका मांत्रिकाने त्याला साखळीने झाडाला जखडलं. आई म्हणाली, "मारणारा मोकळा, आणि साखळी मेलेल्याला!" यावर मी काय बोलणार?

कल्पेट्टाजवळ एका बागायतदाराच्या घरी राहिलो. वायनाड म्हणजे 'वयल नाडु', भातखाचरांचा मुलूख. खाचरं अजून आहेत, पण डोळ्यांत भरते ती कॉफी आणि मिरी. कॉफीची झुडपं खाली, मधूनमधून उंच सिल्व्हर ओक, नाहीतर आपला पांगारा, आणि त्यांच्या अंगावर चढलेले मिऱ्याचे वेल. अंगणात कॉफीची फळं वाळत घातलेली. घराचे मालक, त्यांना आम्ही चेट्टन म्हणजे दादा म्हणायचो, आईला बागेत घेऊन गेले.

आणि आमची आई तिथे एकदम पाहुणीची घरची झाली! तिचं माहेर गुहागरचं. मामाच्या बागेत सुपारीवर मिरवेली आहेत. ती वेलाचं पान उलटून बघत म्हणाली, "ही पन्नियूर का?" चेट्टन उडालेच. पन्नियूर हे शेजारच्या कण्णूर जिल्ह्यातलं गाव, तिथल्या संशोधन केंद्रात ही संकरित जात तयार झाली. आई इतकी वर्षं ते फक्त वेलाचं नाव समजत होती!

घोसात एखाददुसरा दाणा लाल झाला की तोडणी. एकाच लांब बांबूची शिडी झाडाला टेकवायची, कमरेला पिशवी बांधायची आणि वर चढायचं. मग दाणे सुटे करून उन्हात वाळवायचे, ते काळे पडतात. हिरवी, काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची. लाल दाण्याची साल काढली की आतली ती पांढरी. तीन किलो ओली मिरी वाळवली तर जेमतेम एक किलो हातात. किराण्याच्या दुकानात भाव करताना हे कुठे डोक्यात असतं?

चेट्टनच्या बोलण्यात धुकं एकदाही आलं नाही. आलं ते पाऊस. फेब्रुवारी-मार्चमध्ये सर आली तर कॉफी फुलते, नाही आली तर वर्ष गेलं. जास्त झाला आणि पाणी साचलं तर मिऱ्याला मर रोग, हिरवागार वेल बघता बघता गळून पडतो. २००० नंतरच्या वर्षांत रोग आणि कोसळलेले भाव एकदमच आले. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी केंद्राचं जे पॅकेज निघालं, त्यात विदर्भातल्या सहा जिल्ह्यांबरोबर वायनाडही होता. हे हिरवं चित्र बघून कुणाला खरं वाटेल?

मग २०२४ चा विषय निघाला. ३० जुलैच्या पहाटे मेप्पाडीच्या वरच्या डोंगराचा कडा सुटला आणि मुंडक्कै, चूरलमला ही गावं झोपेतच गाडली गेली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. आई हळूच म्हणाली, "३० जुलै... माळीणचीच तारीख." खरंच, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं ते ३० जुलै २०१४ ला. बरोबर दहा वर्षं. आम्ही महाराष्ट्राच्या, हे कळल्यावर चेट्टननी सीता शेळके यांचं नाव घेतलं. लष्कराच्या तुकडीने चूरलमलाला दिवसरात्र खपून १९० फुटांचा बेली पूल उभा केला, त्यातल्या मेजर सीता शेळके आपल्या पारनेर तालुक्यातल्या. आईने ते नाव चेट्टनना दोनदा म्हणायला लावलं.

तिकडे 'बघायला' आम्ही गेलो नाही. बघण्यासारखं ते नव्हेच.

सुलतान बत्तेरीचं जैन मंदिर मात्र पाहिलं. तेराव्या शतकातलं, सगळं दगडी. टिपूने तिथे दारूगोळा ठेवला, म्हणून सुलतानाची बॅटरी, म्हणून बत्तेरी. आत कोणी नव्हतं. आई खांबाला टेकून बराच वेळ बसून राहिली.

शेवटच्या दिवशी तिरुनेल्ली. मानंतवाडीहून पुढे जंगलातला रस्ता, ब्रह्मगिरीच्या कुशीत विष्णूचं देऊळ. नेल्लि म्हणजे आवळा. डोंगरातलं पाणी उंच दगडी खांबांवरच्या पन्हळींतून देवळात आणलंय. कोकणातल्या माणसाला पाटाचं पाणी नवीन नाही, तरी आई पन्हळीखालून हात फिरवत चालली. देवळामागून पायवाटेने गेलं की पापनाशिनी. नाव मोठं, पण जानेवारीत नुसता खडकांतून वाहणारा झरा. लोक पितरांसाठी इथे येतात, याला दक्षिणकाशी म्हणतात.

आम्ही नुसत्या बघत उभ्या होतो. रांगेत बायकाही बसल्या होत्या, हे आईनेच आधी पाहिलं. माझ्याएवढी एक मुलगी ओल्या केसांनी तीळ-तांदूळ पाण्यात सोडत होती. आई मला म्हणाली, "तू करतेस?"

बाबांचं सगळं दादाने, म्हणजे चुलतभावाने केलं. मनापासून केलं, आणि दादा, तू हे वाचतोयस, तुला माहितेय मला त्याबद्दल काय वाटतं. पण मी बाबांची एकुलती एक, आणि त्या बारा दिवसांत माझं काम होतं ते चहा पाठवायचं. तेव्हा मी काही बोलले नाही. आईही नाही.

तिथल्या भटजींनी काहीच विचारलं नाही. मुलगा कुठे, तुमच्यात चालतं का, काही नाही. फक्त नाव आणि नक्षत्र. गोत्र नाही, नक्षत्र! मला कुठलं माहीत असायला? आई पटकन म्हणाली, "उत्तराषाढा." लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवताना ऐकलेलं, पंचेचाळीस वर्षं लक्षात.

बोटात दर्भाची अंगठी, हातात तीळ, तांदूळ, तुळस. मंत्र अर्धे कळले, अर्धे नाही. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. सोडलं. एका दगडाला अडकले थोडे तांदूळ, मग गेले.

पाप वगैरे धुतलं जातं का, मला ठाऊक नाही, माझा तसा विश्वासही नाही. पण दोन वर्षं घशात अडकलेलं काहीतरी तिथे सुटलं, एवढं खरं. परत येताना आई पन्हळीपाशी थांबली, म्हणाली, "त्यांना आवडलं असतं हे. पाणी एवढ्या वरून आणलंय, थेंब सांडत नाही." बाबा म्युनिसिपालिटीत पाणीखात्यात होते.

रात्री आत्याला फोनवर सांगितलं. म्हटलं आता ओरडा बसणार. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वेळ आली की माझंही तूच कर गं."

असो. जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा, भर पावसाळ्यात नको. आणि दोन किलो मिरी आणली आहे, चेट्टनच्याच बागेतली. पुड्या बांधून ठेवल्यात, ज्याची त्याने घेऊन जावी.