शंभरास एक

बीडमध्ये माझं पाट्या आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मार्च महिन्यात दुकानाचं मागचं टेबल धाकट्या बहिणीने अडवलं, ते तीन आठवडे सोडलं नाही. ती संभाजीनगरला आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला. शेवटच्या प्रकल्पाचं मॉडेल तिला करायचं होतं आणि त्याला लागणारा सनबोर्ड माझ्याकडे रोजच कापला जातो. विषय तिने स्वतः निवडला होता : ऊसतोड कामगारांच्या शंभर मुलींसाठी वसतिगृह.

विषय घरातलाच होता. दसरा-दिवाळी झाली की आमचे आई-वडील टोळीबरोबर कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत फडातली थंडी. धाकटी पहिलीला असेपर्यंत त्यांच्यासोबत जायची, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहायची. पुढे आजीने तिला गावात ठेवून घेतलं, म्हणून तिची शाळा टिकली. ज्यांच्या घरी अशी आजी नाही, त्या पोरी फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि त्यांचं वर्ष बुडतं. राज्य सरकारने २०२१ साली अशा मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागा. धाकटीने शंभर हा आकडा तिथूनच घेतला.

मॉडेलसाठी तिने सगळ्यात आधी बनवली ती कोपी. बांबूची काडी वाकवून वर कागद. प्रमाण १:१००, म्हणजे खरा एक मीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर. कोपी भरली जेमतेम तीन सेंटिमीटर. ती तिने पायाच्या प्लायवूडवर एका कोपऱ्यात चिकटवली आणि म्हणाली, "दादा, आता प्रत्येक खोली हिच्याशेजारी धरून बघायची."

मग कापाकापी सुरू झाली. सनबोर्डवर कटर एकदाच जोर लावून ओढला तर कड फाटते. स्टीलची पट्टी धरून हलक्या हाताने तीनदा ओढला की सरळ उतरते. हे मला येत होतं. मला येत नव्हतं ते जाडीचं गणित. पाटीला जाडी नसते, भिंतीला असते. तीन मिलिमीटरचा बोर्ड १:१०० ला तीस सेंटिमीटरची भिंत होतो. दोन भिंती कोपऱ्यात भेटतात तेव्हा एकीच्या लांबीतून दुसरीची जाडी वजा करावी लागते, दोन्ही टोकांची मिळून सहा मिलिमीटर. मी पहिल्या रात्री बारा भिंती वजाबाकी न करता कापून दिल्या. सकाळी एकही खोली जुळेना. सहा मिलिमीटर म्हणजे खरे साठ सेंटिमीटर. एका मुलीच्या पत्र्याच्या पेटीची जागा. बाराच्या बारा पुन्हा कापल्या.

जमिनीचा उतार तिने थरांनी उभा केला. दर अर्ध्या मीटरच्या चढाला पाच मिलिमीटरचा एक थर, एकावर एक, शेताच्या बांधांसारखे. कागदावर तो उतार नुसत्या वाकड्या रेषा होत्या. थर चढले तेव्हा कळलं, की स्वयंपाकघरापासून जेवणाच्या खोलीपर्यंत सहा पायऱ्या चढाव्या लागणार. शंभर जणींच्या आमटीचं पातेलं घेऊन. स्वयंपाकघर त्याच रात्री वरच्या थरावर गेलं.

त्यानंतर तिने दीड सेंटिमीटर उंचीच्या कागदी मुली कापल्या. एक हातात घेऊन ती रात्रीच्या वाटेने चालवत नेली : खोली, व्हरांडा, मग उघडं अंगण, मग न्हाणीघर. डोळा टेबलाच्या उंचीवर आणून फाटकातून पाहिलं, तर न्हाणीघराचं दार थेट समोर. आराखडा वरून पाहतात आणि वरून सगळं सुरक्षित वाटतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग न्हाणीघर उपसून व्हरांड्याच्या टोकाला लावलं, छत सलग केलं, फाटकासमोर आडोशाची भिंत घातली.

भार आणि आकार हाताने तपासायची ही रीत मोठ्या वास्तुकारांचीही. गाउदीने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्युएलच्या चर्चसाठी दोऱ्या उलट्या टांगून त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या होत्या. दोऱ्यांनी आपसूक जो बाक घेतला, तो उलटा करून त्याने कमानी ठरवल्या. दहास एक प्रमाणाच्या त्या मॉडेलवर काही वर्षं काम चाललं. धाकटीने हे सांगितलं तेव्हा मला तिच्या तीन आठवड्यांचं काही वाटेनासं झालं.

वसतिगृहाच्या पाण्याची सोय आखण्यासाठी आम्ही खजाना विहिरीवर गेलो. शहराच्या दक्षिणेला सहा किलोमीटरवर ही निजामशाही काळातली विहीर आहे, मूर्तझा निजामशहाच्या वेळी सलाबतखानाने बांधलेली. जमिनीखालून दोन वाहिन्या तिच्यात पाणी आणतात, तिसरी ते शेतांकडे नेते. दुष्काळातही हिची पातळी हलत नाही, असं बीडमध्ये सांगतात. धाकटी काठावर बसून वाहिन्यांची तोंडं वहीत उतरवत राहिली. परत आल्यावर तिने मॉडेलची छतं अंगणाकडे कलती केली आणि अंगणाखाली टाकी दाखवली. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हा हिशेब तिने भिंतीवर लिहून ठेवला होता. सनबोर्ड पाण्याने फुगत नाही, म्हणून तांब्याभर पाणी सावकाश छतावर ओतलं. तीन बाजूंचं पाणी बरोबर टाकीत उतरलं. चौथ्या बाजूचं दाराशी साचलं. तो उतार तिने पुन्हा केला आणि पुन्हा पाणी ओतलं.

ज्युरीला मॉडेल एसटीने गेलं, माझ्या मांडीवर. परीक्षकांनी छत उचलून आत पाहिलं, पाण्याबद्दल विचारलं, कोपीपाशी थांबले. धाकटी पास झाली, चांगल्या गुणांनी.

एप्रिलमध्ये आई-वडील परतले. मॉडेल घरी लोखंडी कपाटावर होतं. ते खाली काढून धाकटीने आईसमोर ठेवलं. आईने आधी कोपी ओळखली. मग बोट न लावता वाकून एकेक खोली पाहिली. धुणं कुठं वाळत घालायचं, ते विचारलं. धाकटीने अंगण दाखवलं. आई थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिली.

"आन आमी मधीच लेकराला भेटायला आलो," ती म्हणाली, "तर रातच्याला कुठं टेकायचं गं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. फाटकाशेजारी, आडोशाच्या भिंतीला लागून, चार बाय तीन सेंटिमीटर जागा मोकळी होती.

"दादा," ती म्हणाली, "तीन मिलिमीटरचा तुकडा उरलाय का दुकानात?"