व्यंग आणि अर्क

अंबड, जि. जालना
दि. १८ नोव्हेंबर

चि. बाळ,


दिवाळीत तू काढलेलं अण्णांचं चित्र घरात अजून गाजतंय. वांग्याएवढं नाक, त्यावर चष्मा, खाली मिशांचे दोन झुपके. पोरं हसून लोळली. अण्णा मात्र अर्धी भाकर ताटात टाकून उठले. रात्री ओसरीवर मला म्हणाले, "नाक तर देवानं दिलेलं हाय. माझं काय काढलं त्यानं?"

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. पण इतकी नेमकी समीक्षा मला कधी सुचली नाही. म्हणून हे पत्र.

अण्णांच्या या प्रश्नाशी लंडनचा चित्रकार विल्यम होगार्थ पावणेतीनशे वर्षांपूर्वी झगडला होता. जन्म १६९७चा. बाप लॅटिनचा मास्तर. त्याने कॉफीहाउस काढलं, ते बुडालं आणि तो कर्जापायी कैदेत गेला. पोरगा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. तिथला हात पुढे तांब्याच्या पत्र्यावर चालला. तो रंगवायचा तैलचित्रं, पण पोट भरलं ते त्यांच्या छापांवर. नकला करणाऱ्यांनी लुटायला सुरुवात केली, तेव्हा खटपट करून १७३५ साली त्याने कोरीवचित्रांच्या हक्काचा कायदाच करवून घेतला. रस्त्यात एखादा चेहरा आवडला की अंगठ्याच्या नखावर टिपून ठेवायचा, असं सांगतात.

लोक त्याला 'थोबाडं वाकडी काढणारा' म्हणू लागले, याचा त्याला भारी राग. १७४३ साली त्याने उत्तर दिलं तेही चित्रातूनच. एका छापात शंभरेक डोकी खचाखच भरली. प्रत्येक नाक वेगळं, प्रत्येक हनुवटी वेगळी, पण एकही ताणलेलं नाही. खालच्या पट्टीत इटालियन उस्तादांनी काढलेली वेडीवाकडी तोंडं नमुन्याला ठेवली. म्हणणं एवढंच की स्वभाव रेखाटणं निराळं आणि अवयव फुगवणं निराळं.

त्याने काढलेलं लॉर्ड लोव्हॅटचं चित्र तुला मोबाइलवर सापडेल, ते मोठं करून बघ. हा स्कॉटलंडचा कपटी म्हातारा. राजाविरुद्धच्या बंडात सापडला, १७४६ साली खटल्यासाठी लंडनला नेत होते. वाटेत सेंट ऑल्बन्सला होगार्थने त्याला गाठलं. चित्रात तो ऐसपैस बसलाय, अंग थुलथुलीत, नजर तिरकी. पण बघायचे ते हात. बंडात उतरलेली घराणी तो बोटांवर मोजून दाखवतोय! मान जाईल की राहील याचा भरवसा नाही आणि याचा हिशेब चालूच. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचं डोकं उडवलं. एका शिलिंगला मिळणारा तो छाप मात्र लोकांनी तुटून पडून घेतला.

आता आठव, मृग बहाराची मोसंबीची बाग मागायला व्यापारी येतो, तेव्हा अण्णा काय करतात? तोंडातून शब्द नाही. उपरण्याआड अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असतो. समोरचा बोलून दमतो, अंगठा थांबतो आणि मग भाव निघतो. ते पेरांवरचं बोट म्हणजे अण्णा. तू काढलंस ते नाक.

होगार्थही नेहमी सावध राहिला असं नाही. राजकारणी जॉन विल्क्सने आपल्या वृत्तपत्रातून त्याच्यावर झोड उठवली, तेव्हा १७६३ साली याने न्यायालयात बसून त्याचं चित्र टिपलं. तिरळे डोळे, छद्मी हसू, केसांच्या टोपाला शिंगांसारखी वळणं. छाप हजारोंनी खपले. विल्क्स पुढे गमतीने म्हणायचा, मी दिवसेंदिवस त्या चित्रासारखाच दिसायला लागलोय. डंख होगार्थने मारला, पण हसून घेतलं ते विल्क्सने.

आपल्याकडचे व्यंगचित्रकार वसंत सरवटे बघ. मूळचे कोल्हापूरचे, पेशाने इंजिनिअर, नोकरी सिमेंट कंपनीत. 'ललित' मासिकाच्या मुखपृष्ठांवर त्यांनी मराठी लेखकांची जत्रा भरवली, 'परकी चलन'मधून परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख करून दिली. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तली चित्रं त्यांचीच. त्या वल्लींचा फोटो कुठून मिळणार? बोलण्याचालण्याच्या मजकुरातूनच माणूस उभा करायचा. आपल्या भाषेने या कामाला दोन शब्द दिलेत, व्यंगचित्र आणि अर्कचित्र. अर्क काढायचा तर वस्तू आधी मुरावी लागते. तुझ्या चित्रात व्यंग आलं, अर्क राहून गेला.

होगार्थने उतारवयात आपल्या घरातल्या सहा नोकरांचे चेहरे एकाच कॅनव्हासवर रंगवले. त्यात थट्टा औषधालाही नाही. सहाही जणांकडे सारख्याच मायेने पाहिलंय. इतकं पाहता येत होतं, म्हणूनच त्याची थट्टा वर्मी बसायची.

पुढच्या खेपेला वही जरूर आण, पण पहिले दोन दिवस पिशवीतून काढू नकोस. अण्णांबरोबर बागेत जा, व्यापारी आला की गुमान शेजारी बस. आणि हो, तुझं ते चित्र अण्णांनी फाडलेलं नाही. हिशेबाच्या वहीत घडी घालून ठेवलंय.

तुझा,
मामा