मुका राउटर

नवी प्रणाली चढवताना वीज गेली आणि आमचा राउटर मुका झाला. सकाळी नऊला लेकीची मुलाखत, तीही याच्याच जिवावर! असा राउटर सुरू होताच काही क्षण तारेवरून आपली फाईल मागतो, टीएफटीपी नावाच्या जुन्या, १९८१ साली लिहून ठेवलेल्या रीतीने. मी लॅपटॉपला पत्ता दिला, फाईल मांडली, ६९ क्रमांकाचे दार उघडले. व्यर्थ!

“अहो, त्याची हाक तुम्हाला ऐकू येते तरी का?” ही चिडून म्हणाली.

खरेच की! राउटर बंद होताच लॅपटॉपकडची तारही मरे. ती जागी होईतो त्याचे मागणे संपलेले. मध्ये जुना स्विच बसवला. फाईल सरकू लागली. शेजारी निघालेली लेक उंबऱ्यातच थबकली, एका पायात चप्पल.