दाब

वडूजच्या बाजारपेठेत कुणी "जरा प्रेसवर जाऊन येतो" म्हणालं, की त्याच्या घरात काय चाललंय ते विचारावं लागत नाही. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं असेल, तर मुलीचं ठरलं. डोक्याचा गोटा केलेला असेल आणि आवाज बसलेला असेल, तर दशक्रियेची पत्रिका. गावची जत्रा जवळ आली असेल, तर वर्गणीची पावतीपुस्तकं आणि कुस्त्यांच्या मैदानाची हँडबिलं. शब्द इंग्रजी, पण खटाव तालुक्यात इतका मुरलेला की त्याला परका म्हणवत नाही.

हाच शब्द पुढच्या चौकात वेगळा होतो. सभेच्या मंडपात "प्रेसला पुढं बसवा" म्हणतात, तेव्हा तो माणसांचा होतो. दुचाकीच्या नंबरपाटीवर लाल अक्षरात उमटतो, तेव्हा अधिकाराचा होतो. औद्योगिक वसाहतीत पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रावर काम करणारा पोरगा घरी सांगतो, "मी प्रेसला आहे." पुण्याला शिकून आलेली पोरं इस्त्रीच्या कपड्यांनाही प्रेस केलेले कपडे म्हणतात. यातला एकही अर्थ दुसऱ्याला ढकलून देत नाही. सगळे एका घरातल्या भावंडांसारखे नांदतात, आणि त्यांचा मूळपुरुष असलेलं क्रियापद एकच आहे : दाबणे.

पंधराव्या शतकात जर्मनीतल्या माइंत्समध्ये गुटेनबर्गने अक्षरं कागदावर उतरवली, ती लाकडी मळसूत्राच्या यंत्रानं. तसली यंत्रं तिकडे द्राक्षांचा रस काढायला आधीपासून होती. आमची येरळा नदी वडूजवरून खाली सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, त्या वाटेवरच्या मुलखात आता तासगावची द्राक्षं पिकतात. छपाईचं हे द्राक्षांशी असलेलं नातं कळल्यापासून ते यंत्र मला फारसं परदेशी वाटत नाही. पिळून, दाबून, आतलं बाहेर काढायचं, ही शेतकऱ्याच्या ओळखीची गोष्ट आहे.

आपल्या मराठी मुलखात हा दाब पहिल्यांदा पडला तो गोव्यात, 1556 साली, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात. पण देवनागरी छपाईची जी कहाणी मला जवळची वाटते, ती मिरजेची आहे. भगवद्गीता छापून ब्राह्मणांना वाटावी, असं नाना फडणवीसांच्या मनात होतं. पुण्यातल्या इंग्रज वकिलातीत, मॅलेट वकील असतानाच्या काळात, एक तांबट कारागीर अक्षरं कोरायला शिकला होता. नाना 1800 साली गेले आणि काम अर्धवट राहिलं. तो कारागीर मिरजेला गेला, गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आसरा दिला, आणि 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता मिरजेत छापून झाली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं. पण तिकडे मिशन होतं, कारखाना होता, अक्षरांचे खिळे ओतणारे होते. इकडे एका संस्थानिकाचा आश्रय होता आणि एका तांबटाचा हात होता. भांड्यावर ठोके घालणाऱ्या त्या हातानं सातशे श्लोक उलट्या अक्षरांत कोरले असतील, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी अनेकदा करतो. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा आरशात बघितल्यासारखी. चुकलं तर तांब्यात चुकलं. राजाचं नाव इतिहासानं सांभाळलं; त्या तांबटाचं नावही आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं.

वडूजहून औंध फार लांब नाही. यमाईचा डोंगर दिसू लागला, की आपण वेगळ्याच हवेत आलो असं वाटतं. इथं भवानराव पंतप्रतिनिधी चित्रं काढत होते, चित्रं जमवत होते, आणि 1939 साली त्यांनी आपल्या छोट्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती सोपवणारी घटना अमलात आणली. याच औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ उभं केलं आणि वेद छापले. सातवळेकर मूळचे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. त्यांचा डोळा अक्षराकडे चित्र म्हणून बघायला तयार झालेला असणार. कारण वेदाचं पान साध्या पोथीच्या पानासारखं जुळवता येत नाही. अनुदात्त स्वराला अक्षराखाली आडवी रेघ, स्वरिताला डोक्यावर उभी रेघ. आधीच देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर. त्यात पुन्हा हे स्वर. एक रेघ शेजारच्या अक्षराखाली सरकली, तर मंत्राचा उच्चार बदलतो. हजारो वर्षं जे कानानं सांभाळलं, मुद्दाम लिहिण्यावर सोडलं नाही, ते इथल्या माळावरच्या एका गावात शिशाच्या खिळ्यांनी जुळवलं गेलं. ती पानं हातात घेतली, की मला सातवळेकरांच्या विद्वत्तेइतकीच त्या जुळाऱ्यांची आठवण येते. त्यांना किती संस्कृत येत असेल कोण जाणे, पण त्यांच्या बोटांना स्वर कळत होते. 1948 नंतर मंडळ गुजरातेत पारडीला गेलं. औंधात चित्रसंग्रहालय राहिलं.

औंध संस्थानच्याच जमिनीवर, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. तिथं लोखंडी नांगर तयार होत होते. आणि 1920 मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री', 1934 मध्ये 'मनोहर'. एकाच आवारात ओतीव लोखंडाचा फाळ आणि छापलेलं पान, दोन्ही. शं. वा. किर्लोस्करांनी ती मासिकं घराघरांत नेली. नांगराला जमीन उलथायची होती आणि मासिकाला माणसाचं मन. शहराच्या वाऱ्यापासून इतक्या दूर, कोरडवाहू शेतीच्या मध्यावर बसून बायकांच्या शिक्षणाचा, विधवेच्या लग्नाचा, बुवाबाजीचा विषय छापायचा, याला धाडस लागतं. छापखाना हा पुण्या-मुंबईचा मामला आहे असं जे आपण गृहीत धरतो, ते या मुलखानं कधीच खोडून काढलंय.

प्रेस या शब्दाला आणखी एक दाब माहीत आहे, तो वरून येणारा. 1942 च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक उठली, आणि चळवळीच्या बातम्या छापण्यावर सरकारनं लगेच बंधनं घातली. छापलेलं बंद झालं, तेव्हा सायक्लोस्टाइलची पत्रकं आणि हातानं लिहिलेले कागद फिरू लागले. त्याहून जास्त फिरला तो तोंडी निरोप. 9 सप्टेंबर 1942 ला परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडगावहून मोर्चा निघाला आणि वडूजच्या कचेरीवर आला. हातात तिरंगा होता. गोळीबार झाला, नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळ्या झाडल्या गेल्या. आज वडूजमध्ये हुतात्मा परशुरामांच्या नावाची शाळा आहे आणि हुतात्म्यांची नावं दगडात आहेत. दगडात कोरणं आणि कागदावर दाबणं यात फार अंतर नाही असं मला तिथं उभं राहिल्यावर वाटतं. दोन्हीकडं कुणीतरी ठरवलेलं असतं, हे नाव पुसू द्यायचं नाही.

आता पुन्हा बाजारपेठेतल्या प्रेसकडं वळतो, कारण माझा खरा जीव तिथं आहे.

ट्रेडल मशीनचं काम ज्यानं बघितलंय, त्याला ती लय विसरता येत नाही. खाली पायटा, बाजूला मोठं चाक, वर शाईची गोल थाळी थोडी थोडी फिरणारी. रूळ थाळीवरून शाई उचलून खिळ्यांवरून उतरतात, मग जबडा मिटतो, कागद दाबला जातो, जबडा उघडतो. उजव्या हातानं कोरा कागद आत, डाव्या हातानं छापलेला बाहेर. हात क्षणभर रेंगाळला तर बोटं गेली. त्या लयीत मशीन चालवणाऱ्याचं बोलणंही तुटक होतं, दोन दाबांच्या मधे बसेल एवढंच वाक्य.

आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत केसपुढं उभा असलेला कंपोझिटर. इंग्रजीला छोटी-मोठी मिळून जेवढी अक्षरं लागतात, त्याच्या कितीतरी पट घरं मराठीच्या केसला. क वेगळा, अर्धा क वेगळा, क्ष वेगळा, रफार वेगळा. डाव्या हातात स्टिक, उजवा हात न बघता त्या घरांतून फिरतो. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या ओतीव तुकड्यावर उलटं अक्षर. तो ते उलटंच वाचतो, सरळ वाचल्यासारखं. चूक राहिली तर मुद्राराक्षसाच्या नावावर खपते. हा राक्षस तरी किती मराठी, विशाखदत्ताच्या नाटकाच्या नावातून उठून थेट छापखान्यात शिरला!

तिथलं मला सगळ्यांत हलवणारं काम मात्र छपाई झाल्यानंतरचं आहे. पत्रिका छापून झाल्या, की जुळवलेला मजकूर मोडायचा. प्रत्येक खिळा पुसून परत आपल्या घरात टाकायचा. सकाळी 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांच्या नावात जो 'र' बसला होता, तोच दुपारी 'कै.'च्या ओळीत जातो. संध्याकाळी तो कुस्तीच्या मैदानात, मल्लाच्या गावाच्या नावात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो दोन्ही पॅनेलच्या पत्रकांत असतो. खिळ्याला कुणाचाच पक्ष नाही, सुतक नाही, सोयर नाही.

लग्नपत्रिकेचं पान तर इथल्या समाजाचा नकाशाच. वर गणपतीचा ब्लॉक, त्याखाली श्री यमाई प्रसन्न, श्री सिद्धनाथ प्रसन्न, ज्याचं जे कुलदैवत. मग "आमचे येथे श्रीकृपेकरून". मग भावकी. नावांच्या क्रमावरून प्रेसच्या पायरीवर तासभर चर्चा होते. हे नाव वर का, ते खाली का. प्रूफ तीनदा घरी जातं. या भागातली असंख्य घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. खटाव, माण, खानापूर, आटपाडीची माणसं तमिळनाडूत आहेत, केरळात आहेत, उत्तरेत आहेत. त्यांच्यापर्यंत वडूजमध्ये छापलेला हा कागद पोचतो, आणि पत्रिकेत आपलं नाव भावकीच्या रांगेत आपल्या जागी आहे ना, हे तिकडे भट्टीशेजारी बसून बोट फिरवत बघितलं जातं. ज्या आजीचं नाव आयुष्यभर मतदारयादीखेरीज कुठं छापलं गेलं नाही, ते नातवाच्या पत्रिकेत 'श्रीमती' लावून येतं. ती वाचू शकत नाही. तरी ती कागद हातात घेऊन नावावरून बोट फिरवते, आणि जुन्या पत्रिकेत बोटाला अक्षर लागतं. कसलेला छापणारा कागदाच्या पाठीवर ठसा उठू देत नाही, ते कच्चं काम मानतो. आजीला मात्र तो ठसाच कळतो.

कॉम्प्युटर आला, डीटीपी आलं, मग ऑफसेट आणि फ्लेक्स. काम स्वस्त झालं, लवकर होऊ लागलं, रंग आले. शिशाच्या धुळीत उभं राहून माणसांची फुप्फुसं आणि डोळे खराब होत होते, ते थांबलं. ही चांगलीच गोष्ट झाली, आणि जुन्याच्या प्रेमापायी ती नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. पण चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाची पन्नास तोंडं बघतो, तेव्हा एक फरक जाणवतो. फवाऱ्यानं रंग सोडणारं ते यंत्र पृष्ठभागाला शिवतही नाही. नाव लावायला काही लागत नाही, काढायलाही नाही. खिळे वेचून, ओळ बांधून, प्रूफ घरी पाठवून जे नाव छापलं जायचं, त्याच्यामागं कुणाचा तरी वेळ आणि डोळे असायचे. तो दाब गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक दाब मात्र कायद्यानं टिकवलाय. 1867 च्या कायद्यापासून छापलेल्या पुस्तकावर, वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालावं लागत असे. तो कायदा जाऊन 2023 चा नवा नियतकालिकांसाठी आला. निवडणुकीच्या पत्रकावर तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक, दोघांची नावं-पत्ते आजही सक्तीचे आहेत. म्हणून वडूजच्या एखाद्या प्रेसचं नाव, पत्रकाच्या तळाशी सगळ्यांत बारीक अक्षरांत, उमेदवाराच्या मोठ्या फोटोखाली उभं असतं. छापलेल्या शब्दाची जबाबदारी कुणाची, हे तिथं लिहिलेलं असतं. हातातल्या फोनवर रोज जे फिरतं, त्याच्या तळाशी अशी ओळ नसते.

औंधला संग्रहालय आहे, तिथं देशोदेशीची चित्रं आहेत. खटाव-माणमधल्या प्रेसच्या माळ्यावर अजून केस पडल्या असतील, फुटके ब्लॉक असतील, नमुना म्हणून जपलेल्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्रिका, जत्रेची हँडबिलं, पावतीपुस्तकं असतील. शिसं भंगारात जातं, कागद रद्दीत. कुठल्याही सरकारी दप्तरात नसलेली या तालुक्याची नाती, सोयरिकी, कुस्त्या, वर्गण्या त्या कागदांत आहेत. ती गोळा करायला मोठा निधी लागणार नाही. प्रेसवाल्यांशी बोलावं लागेल, माळ्यावर चढावं लागेल, आणि एक ट्रेडल चालू अवस्थेत ठेवावं लागेल, म्हणजे शाळेतल्या पोरांना आपलं नाव उलटं जुळवून, पायटा मारून, स्वतः छापून बघता येईल. वडूजच्या कॉलेजातल्या कुणी हे मनावर घेतलं, तर वर्गणीची पहिली पावती माझ्या नावानं फाडावी.